रंगाईचं पाणी पुन्हा रंगाईला : ईटीपी-आरओवर नव्यानं आलेल्यांसाठी

बुटीबोरी, हिंगणा किंवा कळमेश्वरच्या एखाद्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, तुम्ही ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया संयंत्रावर) नव्यानं रुजू झाला असाल, तर पहिल्याच दिवशी तुम्हाला आरओची, म्हणजे दाबानं पाणी गाळणाऱ्या रिव्हर्स ऑस्मोसिसची, स्किड दाखवली जाईल. पांढऱ्या लांब नळ्या, चकचकीत पंप, टचस्क्रीन. ती निवांत बघता येईल. आधी एकच गोष्ट विचारून घ्या, रिजेक्ट, म्हणजे मागे उरलेलं खारट पाणी, कुठं जातं? या प्रश्नाचं नीट उत्तर ज्या प्लांटकडे आहे तो चालतो. जिथं "त्याचं बघू पुढं" असं उत्तर मिळतं, तिथली मेम्ब्रेन (आरओतला गाळणारा पातळ पडदा) कितीही भारी कंपनीची असो, वर्षभरात तिच्यावर झाकण पडलेलं दिसतं.

कारण साधं आहे. मेम्ब्रेन रंग जाळत नाही आणि मीठही संपवत नाही. एका बाजूला स्वच्छ पाणी काढून देते आणि जे काही विरघळलेलं होतं ते सगळं दुसऱ्या बाजूला, कमी पाण्यात, तुमच्या हवाली करते. शहरातल्या जुन्या गिरण्या गेल्या, १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल आहे, आणि कापडाचं मोठं काम वर्धा रोडनं बुटीबोरीकडे सरकलं. पण भूगोल तोच राहिला. नागपूरला समुद्र नाही. इथलं खारट पाणी नाल्यानं वेणा नदीत जाणार, नाहीतर जमिनीत मुरून कुणाच्या तरी विहिरीत उतरणार. म्हणून या लेखात पायऱ्या असल्या तरी सुरुवात शेवटच्या टोकापासून, म्हणजे मिठापासून आहे.

पहिली पायरी : मिठाचा हिशेब

मेम्ब्रेनच्या कॅटलॉगआधी डाय हाऊसचं रेसिपी रजिस्टर मागा. सुती कापडाची रिॲक्टिव्ह रंगाई करताना बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, लिटरमागे साधारण ४० ते ८० ग्रॅम मीठ पडतं. फिक्या शेडला कमी, गडद शेडला जास्त. वर सोडा ॲश. रंगाचा बराच भाग कापडावर बसतो, तरी दहा ते तीस टक्के पाण्यातच राहतो. मीठ मात्र जवळपास सगळंच्या सगळं नालीत येतं, कारण ते कापडाला चिकटण्यासाठी टाकलेलंच नसतं.

एक उदाहरण मांडू. रोज ५ टन होजिअरी कापड, सॉफ्ट फ्लो मशीन, किलोमागे ६ लिटर बाथ, लिटरला ६० ग्रॅम मीठ. म्हणजे किलोमागे ३६० ग्रॅम आणि दिवसाला १.८ टन मीठ. सोडा ॲश लिटरला २० ग्रॅम धरली तर आणखी ०.६ टन. सगळ्या धुलाया धरून किलोमागे ८० लिटर पाणी लागत असेल तर दिवसाचं सांडपाणी ४०० घनमीटर, म्हणजे ४ लाख लिटर. २.४ टन क्षार ४०० घनमीटरमध्ये वाटले की लिटरमागे ६,००० मिलिग्रॅम. मूळ पाण्याचे ५०० मिळवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, झाला ६,५००.

आता हेच पाणी आरओला दिलं आणि ८५ टक्के वसुली धरली, तर ३४० घनमीटर चांगलं पाणी मिळेल आणि ६० घनमीटर रिजेक्ट उरेल, ज्याचा टीडीएस ४३,००० च्या पुढे असेल. समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असतं. तुम्ही बुटीबोरीत रोज ६० घनमीटर समुद्र तयार केलात, समुद्राहून खारट. विक्रेत्याच्या सादरीकरणात ३४० चा आकडा मोठ्या अक्षरात असतो. ६० चा आकडा तुम्हालाच शोधावा लागतो.

दुसरी पायरी : नाल्या वेगळ्या करा

माझ्या मते या सगळ्या कामात पैशाला सर्वात जास्त पाणी देणारी पायरी हीच, आणि बहुतेक ठिकाणी तीच गाळलेली असते, कारण तीत विकण्यासारखी मशिनरी नाही. फक्त पाइप, व्हॉल्व्ह आणि मशीनवरच्या माणसाची सवय.

वरच्याच उदाहरणात बघा. रंगाई संपल्यावर पहिला ड्रेन सोडतो तेव्हा कापड स्वतःच्या वजनाच्या अडीचपट पाणी धरून ठेवतं. बाकीचं किलोमागे साडेतीन लिटर बाहेर येतं. पहिल्या धुलाईलाही तेवढंच. या दोन ड्रेनचं मिळून दिवसाचं पाणी जेमतेम ३५ घनमीटर, पण त्यात एकूण मिठाच्या आणि सोड्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग असतो. उरलेल्या ३६५ घनमीटरचा टीडीएस १,८०० च्या घरात येतो. ६,५०० आणि १,८०० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १,८०० वर आरओ कमी दाबात चालतो, नव्वद टक्के वसुलीही विचारात घेता येते, आणि रिजेक्ट ६० वरून ३६ घनमीटरवर उतरतं.

म्हणून मशीनच्या ड्रेनला दोन व्हॉल्व्ह हवेत, एक खाऱ्या नालीचा, एक साध्या नालीचा. मशीनचा प्रोग्राम स्टेपनुसार व्हॉल्व्ह बदलू शकत असेल तर उत्तम. ऑपरेटरच्या हातावर सोडलं तर रात्रपाळीत दोन्ही नाल्या एक होतात. त्यावर इलाज म्हणजे साध्या नालीत एक कंडक्टिव्हिटी मीटर लावून त्याचा आकडा डाय हाऊसच्या केबिनमध्ये दिसेल असा ठेवणं.

आणखी तीन पाणी मूळ प्रवाहात येऊ देऊ नका. मर्सरायझिंगचं (कापडाला चमक देण्याच्या प्रक्रियेचं) धुवण कॉस्टिकनं भरलेलं असतं, ते घट्ट करून परत वापरता येतं. प्रिंटिंगच्या टेबलाचं धुवण, त्यात घट्ट पेस्ट आणि बाइंडर असतो. आणि फिनिशिंगच्या पॅडमधलं उरलेलं सॉफ्टनर. सिलिकॉन सॉफ्टनर मेम्ब्रेनवर बसलं की कुठलंच धुणं त्याला हलवत नाही. शिफ्टच्या शेवटी पॅड रिकामा करताना ते नालीत ओतायची सवय सगळीकडे आहे. ड्रममध्ये जमा करा, दुसऱ्या दिवशी वापरा.

शक्य असेल तिथं कोल्ड पॅड बॅच रंगाईचा (कापडाला रंग दाबून लावून ते न तापवता गुंडाळून ठेवण्याच्या पद्धतीचा) आग्रह धरा. तीत मीठ टाकावंच लागत नाही. न टाकलेलं मीठ काढावं लागत नाही, इतका सरळ हिशेब आहे.

तिसरी पायरी : मोजा

प्रत्येक नालीला फ्लो मीटर. चोवीस तासांत दर तासाला घेतलेल्या नमुन्यांचा एकत्र नमुना, तोही सलग काही दिवस, कारण काळ्या आणि नेव्ही लॉटचा दिवस पांढऱ्या लॉटच्या दिवसासारखा नसतो. तपासायचं : पीएच, टीडीएस, सीओडी आणि बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती हे सांगणारे दोन आकडे), रंग, कठीणपणा, सिलिका, लोह, तेल-ग्रीस. सिलिका बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे नागपूरच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाला काळा बसाल्ट आहे आणि त्यातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका येते. एमआयडीसीचं पाणी कमी पडलं की उन्हाळ्यात बोअर सुरू होते. ते दोन महिनेही नमुन्यात धरा.

चौथी पायरी : जाळी, साठवण, थंडावा

सुताचा भुसा आणि धागे हे मेम्ब्रेनचे पहिले वैरी. हॉलो फायबर मेम्ब्रेनच्या बारीक तंतूंमध्ये धागे गुंतले की वेण्या पडतात, त्या हातानंच सोडवाव्या लागतात. साध्या जाळीनंतर एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांचा फिरता ड्रम स्क्रीन हवाच.

इक्वलायझेशन टाकी (सगळं पाणी मिसळून एकसारखं करणारी) किमान अर्ध्या दिवसाची, जमलं तर पूर्ण दिवसाची. खाली हवेचे डिफ्यूझर. ही टाकी लहान ठेवून वाचवलेला पैसा पुढच्या प्रत्येक पायरीवर दामदुप्पट जातो, कारण जिवाणू असोत की मेम्ब्रेन, दोघांनाही अचानक झालेला बदल सोसत नाही.

पीएच साधारण ९ ते ११ असतो, तो उतरवायला आम्ल लागतं. इथं एक धोक्याची सूचना : सल्फर डाईचं पाणी टाकीत असताना आम्ल टाकलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. जीव घेणारा वायू आहे. सल्फर डाईचा ड्रेन आधी वेगळा ऑक्सिडाइझ करा, आणि कुठल्याही टाकीत गॅस मीटर, पट्टा आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. "दोनच मिनिटांचं काम आहे" असं म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

मग तापमान. डाय हाऊसचं पाणी ६०-७० अंशांवर सुटतं. जिवाणूंना ३८-४० च्या वर त्रास होतो आणि पॉलिमेरिक मेम्ब्रेनची मर्यादाही ४०-४५ च्या आसपास. कूलिंग टॉवर लागतो. नवीन माणसाला वाटतं की नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, टॉवर हात टेकेल. घरातला कूलर आठवा : मे महिन्यात मस्त गार हवा देतो आणि जुलैत नुसतं चिकचिक करतो. टॉवरचं गणितही तेच, कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून गारवा येतो. टॉवर पावसाळ्याच्या दमट हवेवर काढलेला असू द्या, मे आपोआप निभावतो. टॉवरआधी हीट एक्स्चेंजर बसवून त्या उष्णतेनं डाय हाऊसला येणारं पाणी कोमट करून दिलं तर बॉयलरचा कोळसाही वाचतो.

पाचवी पायरी : जिवाणूंचं काम

सीओडीचा मोठा भाग इथंच जायला हवा. आरओवर सेंद्रिय भार ढकलणं म्हणजे मेम्ब्रेनला जिवाणूंचं जेवण वाढणं. एरेशन टाकीत, म्हणजे जिवाणूंसाठी हवा सोडतात त्या टाकीत, पाणी एक ते दोन दिवस राहील इतकी जागा ठेवा, कापडातली रसायनं सावकाश पचतात.

सुरुवातीला जवळच्या चालू एसटीपीचा (घरगुती सांडपाण्याच्या संयंत्राचा) किंवा ईटीपीचा गाळ आणून टाका, जोडीला थोडं शेण. कापडाच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी असतो, म्हणून बीओडी १०० ला नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ या प्रमाणात युरिया-डीएपी देतात. मात्र तुमच्याकडे रिॲक्टिव्ह प्रिंटिंग असेल तर पेस्टमधूनच युरिया भरपूर येतो. तिथं वरून आणखी युरिया टाकला की अमोनिया वाढून बसतो. आधी तपासा, मग पोतं फोडा.

नव्या प्लांटमध्ये बहुतेक वेळा एमबीआर असतो, म्हणजे एरेशन टाकीतच किंवा शेजारच्या टाकीत बुडवलेली मेम्ब्रेन. गाळ बसायची वाट बघायची नाही, पाणी शोषून घ्यायचं. साध्या एरेशनमध्ये गाळाचं प्रमाण लिटरला ३,००० ते ४,००० मिलिग्रॅम असतं, एमबीआरमध्ये ८,००० ते १२,००० चालतं. पण कापडाच्या पाण्यासाठी चौरस मीटरमागे तासाला १२ ते १८ लिटरहून जास्त ओढू नका, मग कॅटलॉगमध्ये २५ छापलेले का असेनात. काही मिनिटं ओढणं, थोडी विश्रांती, खालून सतत हवेचे बुडबुडे, आणि ठरावीक दिवसांनी हायपोक्लोराइटचं हलकं धुणं. डीसाइझिंगमधून, म्हणजे कापडाची खळ काढताना, कांजीचा भार एकदम आला तर तंतुमय जिवाणू माजतात आणि गाळ फुगतो. एमबीआरमध्ये हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त सक्शनचा दाब रोज थोडा थोडा वाढत जातो.

सहावी पायरी : रंग

जिवाणू सीओडी खातात, रिॲक्टिव्ह रंग मात्र हवेच्या टाकीतून बराचसा तसाच निघतो. तो काढायचे मार्ग : चुना-फेरस किंवा पॅक (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) टाकून गाळात उतरवणं, ओझोननं तोडणं, किंवा सरळ मेम्ब्रेनवर अडवणं. पहिल्यात गाळाचे डोंगर होतात. ओझोनला वीज लागते, पण गाळ शून्य.

एक सापळा सांगतो. रंग पटकन काढायला बाजारात "डीकलरंट" म्हणून धन प्रभाराचं पॉलिमर मिळतं. बीकरमध्ये जादू दिसते. पण त्याची जादा मात्रा पुढे वाहून आली तर आरओच्या ऋण प्रभाराच्या पृष्ठभागाला ती घट्ट चिकटते. आरओ असलेल्या प्लांटमध्ये ते वापरायचंच असेल तर जार टेस्ट करून (भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा देऊन बघून), कमीत कमी. फेरिकचंही तसंच, वाहून आलेलं लोह मेम्ब्रेनवर तांबडा थर धरतं.

खाऱ्या नालीसाठी नॅनोफिल्ट्रेशन हा वेगळाच मार्ग आहे. त्याची छिद्रं अशी की ५०० ते १,००० रेणुभाराचे रंग अडतात, साधं मीठ मात्र बऱ्यापैकी पार जातं. म्हणजे एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला जवळजवळ बिनरंगाचं मिठाचं पाणी, जे पुढच्या गडद लॉटला बाथ म्हणून वापरता येतं. पण डाय हाऊसमध्ये साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट असेल तर हा डाव फसतो, कारण नॅनो मेम्ब्रेन सल्फेटही अडवते. ग्लॉबर सॉल्टची वसुली थंड करून होते. ३२ अंशांच्या खाली त्याची विद्राव्यता झपाट्यानं उतरते आणि स्फटिक सुटे होतात. थोडक्यात, मेम्ब्रेन निवडण्याआधी डाय मास्टरशी बसून मीठ कुठलं हे ठरवा. दोघांचा चहा एकत्र झाला तर कंपनीचे बरेच पैसे वाचतात.

सातवी पायरी : यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन)

एमबीआर असेल तर वेगळ्या अल्ट्राफिल्ट्रेशनची गरज सहसा नसते. साधं एरेशन असेल तर लागतंच. काम एकच : गढूळपणा आणि बारीक कण आरओपर्यंत जाऊ न देणं. यूएफमधून निघणाऱ्या पाण्याचा एसडीआय (बारीक कण मेम्ब्रेन किती बुजवतील याचा आकडा) ३ च्या आत हवा, ५ च्या वर गेला तर आरओ बंद ठेवा. यूएफनं रंग किंवा टीडीएस उतरला नाही म्हणून पुरवठादाराशी भांडू नका, विरघळलेलं अडवणं हे तिचं कामच नाही.

आठवी पायरी : आरओ

आता त्या पांढऱ्या नळ्या. आत आठ इंची एलिमेंट, बहुधा एका नळीत सहा, आणि दोन-तीन टप्पे : पहिल्याचं रिजेक्ट दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला.

दाब कशासाठी लागतो ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. दर १,००० मिलिग्रॅम मिठामागे पाऊण बारच्या आसपास परासरण दाब असतो. १,८०० टीडीएसचं पाणी सव्वा बारनं मागे ढकलतं, ४३,००० चं ३२ बारनं. पाणी पार करायला त्याच्याही वर दाब हवा. साध्या मचूळ पाण्याच्या मेम्ब्रेनची मर्यादा ४१ बार असते. म्हणून खाऱ्या शेवटच्या टप्प्याला समुद्री पाण्याच्या प्रकारची मेम्ब्रेन लागते आणि पंपही तसाच. नाल्या वेगळ्या करायचा मी एवढा आग्रह धरला त्याचं विजेच्या बिलातलं कारण हे.

वसुली किती ठेवायची हे विक्रेत्यानं नव्हे, सिलिका आणि कठीणपणानं ठरवायचं असतं. ७५ टक्के वसुलीत रिजेक्टमधले क्षार चौपट होतात, ८५ टक्क्यांत पावणेसातपट, ९० टक्क्यांत दहापट. २५ अंशांवर सिलिका १२० मिलिग्रॅमच्या आसपास संपृक्त होते. येणाऱ्या पाण्यात ती ३० असेल तर ७५ टक्क्यांवरच तुम्ही काठावर पोचलात. ८५ वर २०० होते, म्हणजे खास अँटिस्केलंट (थर धरू न देणारं रसायन) नाहीतर आधी चुना-मॅग्नेशियमनं सिलिका काढणं, दोहोंपैकी एक हवंच. सिलिकाचा थर बसला तर तो काचेसारखा असतो, नेहमीच्या धुण्यानं निघत नाही. कठीणपणासाठी आरओआधी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर किंवा चुना-सोडा.

क्लोरीन : पॉलिअमाइड मेम्ब्रेनला मुक्त क्लोरीन शून्य. यूएफ-एमबीआरच्या धुण्यातला हायपो उरून पुढे आला की मेम्ब्रेनची कातडी कायमची जाते. आधी मेटाबायसल्फाइट द्या, एक भाग क्लोरीनला तीन भाग धरा, आणि ओआरपी मीटरचा (पाण्यात क्लोरीनसारखं काही उरलंय का हे दाखवणाऱ्या मीटरचा) सिग्नल थेट पंपाला जोडा. आकडा चढला की पंप बंद, माणसाला विचारायचं नाही. ब्लीचिंगमधलं उरलेलं पेरॉक्साइडही असंच घातक, ते बहुधा एरेशनमध्ये संपतं, पण खात्री करून घ्या.

नागपूरच्या ऋतूंचा परिणाम इथंही दिसतो. तापमान एका अंशानं बदललं की पाणी देण्याची क्षमता साधारण तीन टक्क्यांनी बदलते. डिसेंबरात रात्री गारठा पडतो, परमिएट, म्हणजे मेम्ब्रेनमधून पार झालेलं पाणी, घटतं आणि शिफ्टचा माणूस फोन करतो, "भाऊ, प्रेशर चढून राहिलं, मेम्ब्रेन चोक झाली." झालेली नसते. पाणी गार झालेलं असतं. उलट मे महिन्यात परमिएट भरभरून येतं आणि सगळे खूश असतात, तेव्हा क्षार मात्र जास्त पार जात असतात. म्हणून कच्चे आकडे बघून निर्णय घेऊ नका. पहिल्या आठवड्याचे आकडे पाया धरून, तापमानाची दुरुस्ती करूनच तुलना करा. एक्सेलची एक शीट पुरते.

नववी पायरी : चोक झाली हे कसं ओळखायचं, कसं धुवायचं

दुरुस्त केलेलं परमिएट १० ते १५ टक्क्यांनी घटलं, किंवा क्षारांची गळती १० टक्क्यांनी वाढली, किंवा टप्प्याच्या दोन टोकांतला दाबाचा फरक १५ टक्क्यांनी वाढला, तर धुवायला घ्या. त्याहून उशीर केला तर थर पक्का होतो.

कुठं बिघडलंय हे आकडेच सांगतात. पहिल्या टप्प्यात दाबाचा फरक वाढतोय, तर रंग, सेंद्रिय पदार्थ किंवा जिवाणूंची बुळबुळ. शेवटच्या टप्प्यात परमिएट घटतंय आणि क्षार वाढताहेत, तर खवल्या, म्हणजे कॅल्शियम किंवा सिलिका. सगळीकडे एकदम क्षार पार जाऊ लागले आणि परमिएट उलट वाढलं, तर क्लोरीनचा मार किंवा फाटलेली ओ-रिंग. एकाच नळीतून जास्त क्षार येत असतील तर ओ-रिंगच तपासा, आधी स्वस्त कारणं बघावीत.

धुण्याचा क्रम : आधी अल्कली, पीएच ११ ते १२, पाणी ३०-३५ अंश कोमट; फिरवा, भिजत ठेवा, पुन्हा फिरवा. नंतर स्वच्छ पाणी, मग आम्ल, सायट्रिक, पीएच २ ते ३. कापडाच्या पाण्यात आधी आम्ल दिलं तर सेंद्रिय थर आखडून घट्ट बसतो, म्हणून क्रम उलटा करू नका. अपवाद फक्त खात्रीनं चुन्याचीच खवली असेल तेव्हा. टाकीतलं पाणी गडद होत गेलं की बदला. दोन धुण्यांमध्ये आम्ल आणि हायपो एकमेकांना भेटू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

दिवाळीची सुट्टी किंवा लांब बंद असेल तर आरओ परमिएटनं धुऊन एक टक्का मेटाबायसल्फाइटमध्ये भरून ठेवा. वीज गेली तरी परमिएटनं धुणं आपोआप सुरू होईल अशी टाकी उंचावर हवी. रिजेक्ट आत तसंच राहिलं तर एका रात्रीत खवल्या धरतात.

दहावी पायरी : रिजेक्ट

आता पहिल्या दिवसाचा प्रश्न. पर्याय फार नाहीत. बाष्पीभवन संयंत्र, म्हणजे एमईई, आणि त्यापुढे एटीएफडी ड्रायर (उरलेलं घट्ट पाणी सुकवून मीठ करणारा). एका टन वाफेवर चार टप्प्यांचं संयंत्र साधारण तीन टन पाणी उडवतं. ६० घनमीटर रिजेक्टला रोज १९-२० टन वाफ, ३६ घनमीटरला बाराच्या आसपास. वाफेऐवजी विजेवर चालणारं एमव्हीआर घेतलं तरी घनमीटरमागे २० युनिटच्या वर जातात, तर आरओला दोन-तीन युनिट पुरतात. म्हणून रिजेक्टचा प्रत्येक घनमीटर आधी मेम्ब्रेनवर जितका घट्ट करता येईल तितका करायचा.

"आपल्याकडे ऊन आहे, सोलर तळं करू" असं हमखास कुणीतरी सुचवतं. नागपुरात वर्षाला १,१०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, तो तळ्यातच पडतो. पाऊस वजा जाऊन वर्षाला एक मीटर पाणी उडतं असं उदारपणे धरलं, तरी रोजच्या ६० घनमीटरला साडेपाच एकर तळं लागेल, तेही दुहेरी अस्तराचं. प्लॉटची किंमत विचारून बघा.

तिरुपूरनं हा धडा महागात शिकला. नोय्यल नदी खारावली, आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथली शेकडो रंगाई युनिट बंद झाली. पुन्हा सुरू झाली ती शून्य विसर्गाच्या अटीवर. मिठाच्या पाण्याची परतफेड तिथं रोजची गोष्ट झाली ती या मारानंतर.

ड्रायरमधून निघणारं मिश्र मीठ आणि ईटीपीचा रासायनिक गाळ हा घातक कचऱ्यात मोडतो. बुटीबोरीतच सामायिक विल्हेवाट केंद्र आहे, तिथं मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठं गेला याच्या नोंदीच्या कागदासह) पाठवायचा. आवारात ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, आणि ठेवाल तेवढे दिवस छताखाली, पक्क्या फरशीवर. उघड्यावर ठेवलेलं मीठ पहिल्या पावसात तुमचं सगळं काम नाल्यात नेतं.

अकरावी पायरी : पाणी परत डाय हाऊसला

डाय मास्टरचा विश्वास बसेपर्यंत परमिएट कागदावरच राहतं. लगेच फिक्या शेडला देऊ नका. आधी धुलाई आणि स्कावरिंग (कापडावरचं तेल-मेण काढणं), मग गडद शेड, मग ब्लीचिंग आणि फिकी शेड. लॅबमध्ये एकच रेसिपी नेहमीच्या पाण्यात आणि परमिएटमध्ये काढून शेड जुळवा. जुळलेले नमुने त्याच्याच टेबलावर ठेवा.

परमिएटचा पीएच बहुधा सहाच्या आसपास असतो आणि त्यात कठीणपणा जवळपास नसतो. असं पाणी लोखंड खातं. साध्या लोखंडी टाकीत साठवलं तर गंज उतरतो, आणि पेरॉक्साइड ब्लीचिंगमध्ये लोहाचा कण पडला की तिथं कापडाला बारीक भोक पडतं. मग दोष "रिसायकल पाण्याचा" ठरतो आणि प्रकल्प बदनाम होतो. टाकी स्टेनलेस किंवा अस्तराची, पाइप प्लॅस्टिकचे, आणि थोडा कॉस्टिक देऊन पीएच सातवर.

तरीही ताजं पाणी लागतंच. नागपूर शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, तेव्हा दुसऱ्याचं सांडपाणी हाही या भागात पाण्याचा मान्य स्रोत आहे. विस्ताराचा विचार असेल तर त्याची चौकशी करून ठेवायला हरकत नाही.

बारावी पायरी : कागद

रंगाई हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल वर्गातला उद्योग. उभारणीआधी एक संमतीपत्र, चालवण्याआधी दुसरं. २०१६ च्या केंद्रीय मानकांत जमिनीवरच्या विसर्गासाठी बीओडी ३०, सीओडी २५०, टीडीएस २,१०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि रंग १५० युनिट अशा मर्यादा आहेत. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असू शकतात, आणि असतील तर तेच लागू. सीईटीपीचे (अनेक कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी संयंत्राचे) सभासद असाल तर त्यांच्या प्रवेशमर्यादा वेगळ्या, त्याची प्रत केबिनमध्ये लावा. मेम्ब्रेन बसवली, वसुलीची टक्केवारी बदलली किंवा रिजेक्टचा मार्ग बदलला, तर संमतीपत्रात दुरुस्ती करून घ्यावी लागते. ताज्या पाण्याचं, परमिएटचं, रिजेक्टचं आणि बाहेर गेलेल्या मिठाचं मीटर रीडिंग एकाच वहीत, रोज एकाच वेळी लिहा. तपासणीला आलेला अधिकारी हे चार आकडे एकमेकांशी जुळवून बघतो.